गोळ्यांच्या प्रोग्रॅममधल्या दोनशे चौदा चुका

शुक्रवारी वडिलांचा ऑफिसात फोन आला, तेव्हा लेक मीटिंगमध्ये नव्हती. तरी आहे म्हणाली. त्यांना त्यांच्या प्रोग्रॅमबद्दल काहीतरी विचारायचं होतं. "रविवारी बघू, बाबा." त्यांनाही घाई नव्हती. तेवढ्यात आईची गोळी वाजली, म्हणून त्यांनी फोन ठेवला. रविवारपर्यंत ते राहिले नाहीत.

आईची गोळी वाजायची, म्हणजे घरातला जुना कॉम्प्युटर वाजायचा. निवृत्तीनंतर वडिलांनी आईच्या रक्तदाबासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. ठरल्या वेळी तो टुणटुणायचा, पडद्यावर गोळीचा रंग दाखवायचा आणि 'घेतली' असं बटण दाबेपर्यंत गप्प बसायचा नाही. वडिलांच्या मागोमाग महिन्याभरात त्या कॉम्प्युटरनेही मान टाकली. प्रोग्रॅम असलेली डिस्क तेवढी वाचली.

लेकीने आईच्या फोनवर गजर लावून दिला. आईने तो खुशाल वाजू दिला.

"हा फोन कोणासाठीही वाजतो," ती म्हणाली. "ह्यांचं मशीन माझ्यासाठी वाजायचं."

आठवड्याभरात डॉक्टरीणबाईंनी दोनदा रक्तदाब मोजला. दुसऱ्यांदा त्यांनी आईकडे न बघता लेकीकडे बघितलं.

म्हणून शनिवारी सकाळी लेक आपला लॅपटॉप घेऊन वडिलांच्या टेबलाशी बसली. लॅपटॉपवरची प्रणाली युनिक्सच्या भावकीतली. वडिलांचा कोड दुसऱ्याच घराण्यातला, इथे जसाच्या तसा न चालणारा. पण ती पोटापाण्यासाठी हेच करायची. तासाभराचं काम आहे, असं तिने आईला सांगून टाकलं.

कोड तपासून मशीनच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरने पहिल्याच फाइलीत दोनशे चौदा चुका काढल्या. वडिलांनी वापरलेली एक हेडर फाइल, म्हणजे तयार फंक्शनांची यादी, फक्त जुन्या घराण्यात चालायची. तिने ती काढली, तर पडद्यावर रंग आणणारी सगळी फंक्शनं पोरकी झाली आणि चुका तीनशे नव्वदवर गेल्या. ती फंक्शनं तिने नव्याने लिहिली. मग फाइलींच्या पत्त्यांतल्या तिरक्या रेघा उलट्या निघाल्या. त्या तिने एकाच हुकुमात फिरवल्या, तेव्हा हुकुमाने नको तिथल्याही फिरवल्या. चुका पाचशेपार. दुपारी ती एकेक रेघ हाताने सरळ करत बसली.

वडील काही खोडत नसत. जुनी ओळ बाजूला ठेवून खाली नवी लिहीत. काम अर्धवट टाकून उठताना कंपायलरला मुद्दाम अडवणारी ओळ घालून जात, म्हणजे परत आल्यावर तो तिथेच थांबे आणि कुठे होतो ते सांगे. 'जेवायला गेलो.' 'चष्मा सापडल्यावर पुढे.' कंपायलर म्हणजे पुस्तकातली खुणेची दोरी नव्हे, असं तिने त्यांना कितीदा सुनावलं होतं. काम झालेल्या त्या ओळीही त्यांनी बाजूला जपून ठेवल्या होत्या.

"किती राहिल्या?" आईने विचारलं.

"साठ."

"मघाशी चाळीस म्हणालीस."

"मघाशी चाळीसच होत्या."

"ह्यांचंही असंच. मी विचारलं की वाढायच्या."

आईने विचारणं सोडलं. संध्याकाळी चारची गोळी न घेता ती मागच्या खुर्चीत येऊन बसली. कंपायलर शेवटच्या फाइलीशी पोचला आणि एकच चूक उरली. लेकीने ती वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

ती चूक नव्हतीच. वडिलांनी उठताना घातलेली ओळ होती, त्या शुक्रवारची तारीख घालून: 'इथे अडलो. पुढचं लेकीला विचारायचं. तिला वेळ असेल तेव्हा.'

खाली एक रिकामं फंक्शन होतं. आईने गोळी घेतली नाही, तर लेकीच्या फोनवर निरोप कसा पाठवायचा, एवढंच त्यांना येत नव्हतं. दहा ओळींचं काम.

"काय म्हणतंय मशीन?" आईने विचारलं.

लेकीने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"विचारा, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "मला वेळ आहे. तेव्हाही होता."