सासरेबुवांच्या रिसीव्हरचे दिवे

माझ्या हाताला यश आहे! हे मीच सांगतो, कारण आमच्या घरात दुसरं कोणी सांगत नाही. सासरेबुवा तिहोमिर तर नाहीच नाही. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एकदाही ‘शाब्बास’ निघालेलं नाही. सर्बियातल्या झ्रेन्यानिन गावातल्या आमच्या या इमारतीतले अर्धे नळ मी दुरुस्त केलेत, तरी म्हाताऱ्याचं आपलं एकच, “राडिवोय, हात लावू नकोस!”

तर ते शाब्बास मिळवायचंच, असं मी ठरवलं. सासरेबुवा काही दिवसांपूर्वी गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले होते आणि माझी बायको ल्युबिंका त्यांना आणायला. दोघं संध्याकाळच्या बसने येणार होते. घरात उरलो मी आणि त्यांचा स्टीरिओ रिसीव्हर.

हा रिसीव्हर त्यांनी तरुणपणी इटलीतल्या त्रिएस्तेहून गोधडीत गुंडाळून, सीमेवरच्या पोलिसांची नजर चुकवून आणलेला. रोज दुपारी तो इतक्या मोठ्याने लावतात, की वरच्या मजल्यावर सूप ढवळायला चमचा लागत नाही! समोर दोन छोट्या खिडक्या, आत काटे आणि मागे तांदळाच्या दाण्याएवढे दिवे. पूर्वी गाणं लागलं की सोनेरी उजेडात काटे नाचायचे. मग दिवे गेले. तेव्हापासून म्हातारा त्या अंधाऱ्या खिडक्यांकडे बघून रोज उसासे टाकायचा.

मी बाजारातून नवे दिवे आणले. झाकण काढलं, जुने दिवे सुटे केले, नव्यांना डाग दिला. डागाच्या राळेचा धूर घरभर झाला म्हणून बाहेरचं दार उघडलं. तर जिन्यातलं ऊन दारासमोरच्या आरशावर पडून थेट माझ्या डोळ्यांत! दिवे लागले की नाही ते कसं कळणार? ल्युबिंकाची काळी शाल आरशावर टाकली आणि बटण दाबलं.

काय उजेड पडला म्हणून सांगू! डोळे दिपले. आणि लगेच, फट्! फट्! दोन्ही दिवे खलास. व्होल्ट बघायचे असतात, हे मला नेमकं तेव्हा आठवलं. दचकून माझा हात हलला आणि गरम सोल्डर गन रिसीव्हरच्या खिडकीवर टेकली. प्लास्टिक वितळलं आणि काटा त्यात असा रुतला, जशी मधात माशी.

मी मटकन खाली बसलो आणि रडलो. चाळिशी उलटलेला माणूस, पण हमसून हमसून रडलो!

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या देसांका मावशी दारात. त्यांनी हवेत वास घेतला, आरशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

“अरे देवा! तरीच म्हटलं, इतके दिवस रेडिओ कसा वाजला नाही! कधी झालं रे?”

“आत्ताच, मावशी,” मी नाक पुसलं.

“रड, बाळा. मोकळा हो,” म्हणत त्या जिना चढून गेल्या.

किती समजूतदार बाई! मी भारावलो.

थोड्या वेळाने खालचा वुकाशिन आला. निवृत्त बस ड्रायव्हर, सासरेबुवांशी रोज बुद्धिबळात भांडणारा. डोक्यावरची टोपी हातात, काखेत राकियाची बाटली. मला मिठी मारून म्हणाला, “धीर धर!” दोन पेले भरले. मी माझा पेला त्याच्या पेल्यावर टेकवायला गेलो, तर त्याने आपला झटकन मागे घेतला आणि थोडी दारू जमिनीवर सांडली.

“अरे, गालिचा!” मी ओरडलो.

“राहू दे गालिचा,” तो हुंदका देत म्हणाला.

मग एकेक करत सगळी इमारत आमच्या स्वयंपाकघरात. कोणी कॉफी आणली, कोणी साखर. सगळे हळू आवाजात बोलत होते. एका रिसीव्हरसाठी एवढं प्रेम? मला काही कळेना! आणि मग देसांका मावशींनी मोठा वाडगा पुढे ठेवला. उकडलेला गहू, साखर, अक्रोड.

हा गहू आमच्याकडे माणूस गेल्यावर करतात. रिसीव्हर गेल्यावर नाही!

“मावशी,” मी घाबरून विचारलं, “कोण गेलं?”

“धक्का बसलाय बिचाऱ्याला,” वुकाशिन पुटपुटला.

“अहो, पण कोण?”

“तिहोमिर, बाळा,” मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

बसला अपघात! सगळ्यांना कळलंय आणि मलाच नाही! ल्युबिंकाला फोन लावला, लागेना. आता मात्र मी खराखुरा रडलो. म्हातारा खडूस होता, पण माझाच होता हो! आता त्याचं शाब्बास कुठून आणू?

“गर्दी कसली आहे इथे?” दारातून आवाज आला.

हातात पिशवी, मागे ल्युबिंका आणि पुढे साक्षात सासरेबुवा! देसांका मावशी किंचाळून वुकाशिनच्या अंगावर कोसळल्या. मग कोणी आरशाकडे बोट दाखवलं, कोणी धुराकडे, कोणी मुक्या रेडिओकडे, आणि एकदाचा उलगडा झाला. घरात कोणी गेलं की आम्ही आरसा झाकतो, धूप घालतो, गाणी बंद ठेवतो. मी नकळत तिन्ही करून बसलो होतो! वुकाशिनने पेला मागे घेऊन दारू सांडली, तीही गेलेल्याच्या नावाने!

म्हातारा मात्र खूश. खुर्ची ओढून बसला, स्वतःच्या नावाचा गहू चमच्याने खायला लागला. “बरं, सगळ्यात जास्त कोण रडलं?”

सगळ्यांची बोटं माझ्याकडे.

सासरेबुवा उठले. माझ्या गालांचे तीन मुके घेतले. “शाब्बास, राडिवोय! जावई असावा तर असा! चल, या आनंदात रेडिओ लाव!”

मी पटकन रिसीव्हरच्या आडवा उभा राहिलो. “बाबा, आज नको. माणूस गेल्यावर चाळीस दिवस गाणी लावत नाहीत.”

“अरे गाढवा, मी जिवंत आहे ना! मग गेलंय कोण?”

मी रिसीव्हरकडे बोट दाखवलं आणि माझे डोळे भरून आले. देसांका मावशींनी मुकाट्याने गव्हाचा वाडगा माझ्याकडे सरकवला.