हात लावायचा नाही

देशमुख सरांना "कसे आहात?" असं विचारायची सोय नाही. ते डोळे मिटतात, कानशिलावर बोट ठेवतात आणि पुटपुटतात, "थांबा, आत कोण बसलंय बघतो." आपण जिन्यात भाजीची पिशवी घेऊन ताटकळत उभे. मग घोगऱ्या आवाजात उत्तर येतं, "सध्या भीती आहे. बोला, ती ऐकतेय."

उस्मानपुऱ्यात आमची दारं समोरासमोर आहेत. सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, तेव्हा असं काही नव्हतं. दिवाळीत नातीनं त्यांना एक कार्टून सिनेमा दाखवला. त्यात एका मुलीच्या डोक्यात घर असतं. राग, भीती, आनंद, दुःख हे तिथले भाडेकरू, आणि फळीवर आठवणींच्या उजेड देणाऱ्या बरण्या. दुःखानं बरणी हाताळली की तिचा उजेड मंद होतो.

"नव्वद टक्के बरोबर दाखवलंय," सर म्हणाले.

मला हिशेबाची खोड. "आणि दहा टक्के?"

"उजेड नुसता मंद होत नाही, कुलकर्णी. आठवण काढली की दर वेळी नव्यानं बनते. परत ठेवता ती पहिली नसतेच."

मला पटलं नाही. पण गच्चीवर एकटा कपडे वाळत घालताना ते वाक्य आठवलं आणि मी उगाच मागं वळून पाहिलं.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्या दिवाळीआधीच्या उन्हाळ्यात गेल्या होत्या. सिनेमानंतर सरांनी त्यांचं नाव घेणं सोडलं. फोटो भिंतीकडं तोंड करून टांगला. ईदला खालच्या शबाना भाभी शीरखुर्मा घेऊन आल्या. "सर, काकू को इसमें खजूर कित्ता पसंद था..."

सरांनी कानांत बोटं घातली. "भाभी, हात मत लगाओ!"

भाभींना वाटलं, वाडग्याला. त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला आणि हळूच मागं सरकल्या.

परवा भर दुपारी सर माझ्या दारात आले.

"कुलकर्णी, हिचा आवाज कसा होता हो?"

"म्हणजे?"

"आत दुःख बसलेलं असताना तिची आठवण कशाला काढायची, म्हणून मी हातच लावला नाही. जपून ठेवली. आज वाटलं, एकदा ऐकावं. तर बरणी आहे, आत काहीच नाही."

मला नकला येत नाहीत. तरी म्हणून पाहिलं, "अहो, दूध उतू चाललं!" बँकेतल्या कॅशियरनं टोकन नंबर पुकारावा तसं निघालं. सर नुसती मान हलवत राहिले.

जिना चढणाऱ्या भाभींनी ते ऐकलं. "ऐसा नै, भाईसाब," त्या म्हणाल्या, आणि वळणावरूनच हाक आली, "अहोऽ, कान कुठं ठेवलेत? दूध चाललं की उतू!"

जिन्यातून काकूच येत होत्या.

"आलो गं, आलो," म्हणत सर घाईनं आपल्या रिकाम्या घरात शिरले. दार उघडंच राहिलं. आतून गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला.