खाली इंटरनेट आहे

भोये काकांच्या अंगणात कुणी पाऊल टाकलं की ते चेहरा बघत नसत, पाय बघत. "बाई, टाच हळू. खाली इंटरनेट आहे," असं माझं स्वागत व्हायचं. मी शाळेत शिकवते, जव्हारला त्यांच्या शेजारी राहते. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर मोखाड्याच्या वळणांवर गाडी चालवल्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच जातींची माणसं: साइड देणारी आणि न देणारी.

केबलवाले दुसऱ्या जातीचे. मागच्या आळीत नेट न्यायचं होतं आणि काकांच्या अंगणातून वाट जवळ पडत होती. काका मोखाड्याला लग्नाला गेले असताना ते आले, ओरखडा काढल्यासारखा चर मारला, केबल टाकली, वर माती लोटली आणि पसार झाले. काका परतले तेव्हा त्यांच्या कोंबडीने किडे शोधता शोधता ती काळी वायर उघडी पाडली होती.

"कोंबडीच्या नखाला लागते, बाई. एवढ्या वर आम्ही मेथीसुद्धा पेरत नाही."

त्यांनी फोनवर फोन केले. पलीकडची मुलगी गोड हिंदीत तक्रार नोंदवल्याचं सांगायची. "नोंदवू नका, खोल पुरा," काका ठणकावायचे. मग पोस्टमन, गॅसवाला, शेजारचा बोकड, सगळ्यांना त्यांनी भिंतीच्या कडेने वळवायला सुरुवात केली.

शेवटी कंत्राटदाराचा माणूस उगवला. हातात पाटी: 'खाली केबल आहे, खणू नये.' पाटीची लोखंडी पट्टी त्याने दगडाने जमिनीत ठोकली, ती थेट केबलमध्ये. मागच्या आळीचं नेट बंद. लोक फाटकाशी जमले आणि काकांनाच बोलू लागले. तो माणूसही म्हणाला, "तुमच्या अंगणात तुटली, काका. जबाबदारी तुमची."

काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. "मी माझ्या अंगणात खणलं तर गुन्हा. तुम्ही न विचारता पुरलं तर सेवा. आणि तुम्हीच तोडलं तर जबाबदारी माझी?"

तो निघून गेला. बऱ्याच दिवसांनी परत आला, जोड मारला आणि पुन्हा पायानेच माती लोटू लागला. काका फाटकात आडवे उभे राहिले. "गाडी मधेच सोडून जायचं नाही."

त्यांनी घरातून कुदळ आणली आणि स्वतःच खणायला लागले. खाली मुरूम, एकेक घाव परत उसळत होता. थोड्या वेळाने तो माणूस शरमला आणि त्यानेही फावडं घेतलं. दुपार कलली तेव्हा गुडघाभर चर झाला होता. केबल पाइपात घालून नीट पुरली गेली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. काकांच्या तळहातांना फोड आले होते. ते बघून मलाच राग आला. "तुमच्याकडे साधा बटणांचा फोन. केबल काढून न्या म्हणायचं होतं. एवढा जीव कशाला काढलात?"

ते मागच्या भिंतीकडे बघत राहिले. पलीकडे एक म्हातारी एकटीच राहते, तिचा नातू ठाण्याला कामाला असतो.

"तो रोज संध्याकाळी तिला फोनवर दिसतो म्हणे," काका म्हणाले. "तिला ऐकू कमी येतं, आवाज मोठा ठेवते. तो विचारतो, जेवलीस का?"

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"ते कानावर आलं की मीपण उठतो, ताट वाढून घेतो. मधे नेट बंद होतं तेव्हा कुणी विचारलंच नाही. माझंही जेवण राहूनच जायचं."