डावीकडे वळणारे जाधव सर

पोलादपूरच्या बाजारात जाधव सर प्रत्येक वळणाला डावीकडेच वळत. समोरच्या दुकानातून चहा पावडर आणायला निघालेला हा गृहस्थ थोड्या वेळाने पुन्हा आपल्याच दारात उगवे. रिकाम्या हाताने, पण समाधानाने.

"काय सर, हरवलंय काय?" पानवाला विचारी.

"हरवलं नाय रे, जास्तीचं सापडलंय."

सर जाऊन महिना झाला. त्यांच्याविषयी गंभीर काही लिहावं म्हणतो, पण आठवतं ते हेच.

ते आमच्या शाळेत गणित शिकवत. ऐंशीनंतर कधीतरी शाळेला संगणक मिळाला. हेडमास्तरांनी त्याला हार घातला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली सरांना दिली. बिघडला तर कुणीतरी जबाबदार हवं. सर छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून कॅसेटवर साठवू लागले, इतरांनी उचलून वापरावेत म्हणून. त्याला ते 'माझं वाचनालय' म्हणत. मी शाळेचा ग्रंथपाल. दोन्ही वाचनालयांत गर्दी सारखीच.

त्यातला एक प्रोग्रॅम गल्ल्यांचा होता. यंत्राने प्रत्येक गल्लीतून दोन्ही दिशांनी निघायचं, दर नाक्यावर सगळ्यात डावीकडची वाट धरायची, निघालो तिथे परतलो की गल्ल्यांनी वेढलेला एक तुकडा मोजायचा. सरांनी वरंधकडचं आपलं गाव त्यात घातलं. तुकडे पाच, यंत्र म्हणे सहा.

"यंत्र खोटं बोलत नाय, आपण अर्धवट सांगतो," म्हणत त्यांनी मला रविवारी गावी नेलं. डावीकडे वळून वळून माझी मान आखडली. कडेच्या गल्लीत डाव्या हाताला शेतं लागली, तरी सर थांबेनात. अख्ख्या गावाला बाहेरून वळसा घालून आम्ही निघालो तिथेच आलो.

"हा सहावा," सर म्हणाले. "त्याने बाहेरचाही मोजलाय."

तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते. हेडमास्तरांनी बजावलं, "जाधव, सरळ एक वजा करा. चुकीचं उत्तर दिसलं तर संगणक महाडच्या शाळेला जाईल."

साहेबांसमोर पडद्यावर आकडा उमटला: सहा.

"एक जास्त आहे," साहेब गावाच्या नकाशातले तुकडे मोजून म्हणाले.

"बरोबर आहे, साहेब. सहावा गावाबाहेरचा." सर म्हणाले. "आमची बौद्धवाडी तिथंच हाय. आई शेवटपर्यंत तिथंच होती. वजा कसा करू?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात टेम्पो आला. सरांनी खांद्यावरचा टॉवेल काढून संगणकावर नीट पांघरला.

"सावकाश ने रे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "रस्त्याला धूळ फार हाय."