मागच्या सीटखालचा टर्बो

नवरा गेल्यापासून यशोदाबाई नावड्याच्या घरात एकट्या होत्या. त्यांना नेरूळच्या फ्लॅटवर कायमचं आणायचं, म्हणून त्यांच्या मुलाने, नंदकुमारने, जुनी डिझेल जीप घेतली आणि हौसेनं तिला टर्बो बसवला. इंजिनाच्या गरम धुरावर हा पंखा फिरतो, इंजिनात जादा हवा कोंबतो, आणि गाडीला बळ येतं. पण तो असा लालबुंद तापला, की पुढे बसलेल्या आईचे तळपाय पोळले.

"मना भाजाला नेतंस का रं?" म्हणत ती उतरली.

नंदकुमार महाप्याच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने कासिम मेकॅनिकला सांगितलं, "टर्बो मागच्या सीटखाली टाक. धूर पाइपात गार होईल, जोर उशिरा येईल, पण आईचे पाय वाचतील."

"गाडी तुमची, आई तुमची," कासिम म्हणाला.

दिवेलागणीला नंदकुमार बायकोला, वैशालीला घेऊन मिठागरांच्या रस्त्याने निघाला. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, गाडी ढिम्म. दाबूनच ठेवला. मग रिकाम्या मागच्या सीटखालून कुणी कण्हावं तसा लांब आवाज आला आणि जीप एकदम पुढे सुटली.

"मागे कोणीतरी आहे," वैशालीने त्याचा दंड धरला.

"टर्बो आहे."

"टर्बो कण्हतो?"

त्याने आरशात पाहिलं. कोणी नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

आईला मात्र मागे बसवून गावात फिरवलं, तर आवाज ऐकून ती कित्येक महिन्यांनी हसली. "घाबरू नको गो वैशाली. तुजा सासरा हाय तो. हाक मारली का आयकाचा नाय, मंग कन्हाचा, न मंग येकदम ढकलीत सुटाचा." ती सीटवर जरा सरकली, शेजारी जागा केली. "रविवारी पेटी भरून ठेवतंय. आमी येतो."

हे 'आमी' ऐकून वैशालीची झोप उडाली. "तो टर्बो पुढे आण, नाहीतर मी माहेरी जाते." कासिमने टर्बो पुन्हा इंजिनाला लावला आणि पायांना चटका लागू नये म्हणून वर उष्णता रोखणारं जाड कापड गुंडाळलं.

रविवारी नंदकुमार एकटाच आईला आणायला गेला. ती पेटी घेऊन मागे बसली. जीप पाय ठेवताच पळाली, मागून आवाज नाही की काही नाही. वेशीपाशी आई म्हणाली, "थांबव. ते आज नाय आले. त्यांना ठेवून मी कशी येऊ?" आणि पेटी घेऊन घराकडे चालू लागली.

नंदकुमारने पुष्कळ विनवलं. शेवटी एकटाच परत फिरला. मिठागरापाशी त्याला भरून आलं. त्याने जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पाण्यावर अंधार उतरत होता.

थोड्या वेळाने मागच्या सीटवरून कुणीतरी लांब कण्हलं. सपाट रस्त्यावर, बंद इंजिनाची जीप हळूहळू पुढे सरकू लागली.

महाप्याच्या इंजिनिअरने एकवार बॉनेटकडे पाहिलं, आरशाकडे बघायचं टाळलं, आणि स्टिअरिंग नावड्याकडे वळवलं.

"बाबा, इकडून," तो म्हणाला. "आधी आईला घेऊ."