बॉयलरच्या दारातली डहाळी

यंदा नाताळनंतरच्या तीन राजांच्या सणाला झेंझीच्या अंगावरचा कोट उतरवायचाच, असं नोटबुर्गाबाईंनी डेअरीत सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, आणि कबुलीजबाब द्यायला गेल्या तर पापं राहिली बाजूला, पाद्रीबाबांनाही तेच सांगून आल्या!

झेंझी म्हणजे त्यांची नणंद. राहायची डोंगराखालच्या गावात. तिच्याकडे कोल्ह्याच्या गळपट्टीचा फरचा कोट होता आणि त्या कोटाहून जाड जीभ होती. नोटबुर्गाबाईंच्या मुलाने, हार्टविगने, जुनी चूल काढून तळघरात लाकडाच्या भुशाच्या दाणेदार कांड्यांवर चालणारा बॉयलर बसवला, तेव्हा ही भवानी नाक मुरडून म्हणाली होती, "वहिनी, कोंबड्यांचं खाद्य जाळून कधी घर तापलंय का गं? आमची मातीची भट्टी बघ, आजोबांच्या वेळची! तुझ्याकडे यायचं तर मी बाई कोट घालूनच बसणार."

आणि बसली की खरंच! जेवणभर! तेव्हापासून नोटबुर्गाबाईंच्या घशात तो कोल्हा अडकून बसला होता.

बॉयलर तसा गुणी होता. खोलीभर साठवलेल्या कांड्या स्वतःच ओढून घ्यायचा, स्वतःच पेटायचा, आणि तापलेलं पाणी शेजारच्या टाकीत भरून ठेवायचा. टाकी म्हणजे गोधडी पांघरून उभी असलेली गाभण गायच! त्या टाकीतलं पाणी घरभर फिरायचं. "खातो थोडं, राबतो फार, आणि उलटं बोलत नाही," नोटबुर्गाबाई सुनेच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणायच्या.

सून एडेलट्राउडही काही कमी नव्हती. "बोलला असता आई, पण तुम्ही मधे श्वास कुठे घेता!"

सणाच्या आदल्या संध्याकाळी घरभर आणि गोठ्यात धूप फिरवायचा असतो. वर्षाचं वाईटसाईट त्या धुराने पळतं. आता धुपाला निखारे हवेत. पूर्वी ते चुलीतून निघायचे. चूल तर गेली. एडेलट्राउडने बाजारातून कोळशाच्या काळ्या वड्या आणून ठेवल्या होत्या. काडी लावली की पेटणाऱ्या.

"बाजारच्या वड्यांवर धूप?" नोटबुर्गाबाई कडाडल्या. "पळायचं सोडून भुतं हसतील! घरचा धूप घरच्या विस्तवावरच हवा!"

घरचा विस्तव आता होता कुठे? तळघरात!

हार्टविग गोठ्यात दूध काढत होता तेवढ्यात बाई लोखंडी तवा आणि फावडी घेऊन तळघरात उतरल्या. बॉयलरचं दार उघडलं. आत लालबुंद निखारे! चांगले फावडीभर काढले आणि तव्यात घेतले. मग त्यांच्या मनात आलं, गोठ्याला डहाळी लावतो, क्रुसामागे लावतो, मग या बिचाऱ्यानेच काय पाप केलंय? ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेली लवदार कळ्यांची डहाळी खिशात होतीच. निळा दोरा गुंडाळलेली. बाईंनी ती दाराच्या खालच्या बिजागरीत, कुणाची दृष्ट लागणार नाही अशी आत खोचली आणि दार लोटलं.

एरवी ते दार "टक्" म्हणायचं. आज "थप्" म्हणालं.

पुढच्याच क्षणी यंत्राची घरघर थांबली. वर लाल दिवा लागला, खाली काही अक्षरं उमटली. चष्मा होता वर, खिडकीत. बाईंचे डोळे पाणावले. "बघा! यंत्र झालं म्हणून काय झालं! डहाळी मिळताच कसं गप्प उभं राहिलं! लाल दिवासुद्धा लावला, देव्हाऱ्यात लावतात तसा!"

रात्री घर ऊबदारच होतं. असणारच! गाभण गाय होती ना उभी, पोटात गरम पाणी घेऊन. सणाच्या म्हणून सगळ्यांनी टबभर पाण्याने अंघोळी केल्या. नोटबुर्गाबाईंनी तर जरा जास्तच केली, उद्या मिरवायचं होतं.

सकाळी नळातून आलेल्या पाण्याने त्यांच्या दातांची कवळी ग्लासातच थिजली! निदान त्या तसं सांगत होत्या. खिडकीबाहेर बर्फ गुडघाभर, आणि घरात श्वासाची वाफ दिसायला लागलेली.

"एडेलट्राउड! तू कपडे धुतलेस!"

"मी? नाही... म्हणजे एक टेबलक्लॉथ. आत्या येणार म्हणून."

"नाताळनंतरच्या या बारा रात्रींना धुणं करतं का कुणी? आभाळातून भुतांची वरात जात असते, कापडात अडकते!"

"एकच होता हो आई!"

"वरातीला एकच पुरतो! आणि टाकीतलं गरम पाणी ओतलंस ते निराळंच. गाय आटवलीस माझी!"

हार्टविग पायजम्यावरच तळघरात धावला. मागे दोन्ही बायका. टाकीच्या काट्यावर नजर टाकून तो म्हणाला, "वरपासून खालपर्यंत गार. टेबलक्लॉथने एवढं होत नाही. बॉयलर कालपासून पेटलेलाच नाही." त्याने कांड्यांची खोली बघितली. भरलेली. ओढणारी नळी ठोकून बघितली. मोकळी. मग पडद्यावरची अक्षरं वाचली. "'दार उघडं' म्हणतोय."

"उघडं? डोळ्यांसमोर बंद आहे! लबाड आहे मेला!" नोटबुर्गाबाई म्हणाल्या.

हार्टविगने दार उघडलं, लावलं. थप्. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. थप्. खांद्याने रेटलं, गुडघ्याने रेटलं. खाली वाकून बघायची सोय नव्हती, कारण मधे पोट होतं आणि पोटात नाताळभर खाल्लेलं डुक्कर होतं. शेवटी त्याने मेकॅनिकला फोन लावला. तो कुठल्याशा बर्फाच्या उतारावर पायाला स्कीच्या पट्ट्या लावून उभा होता.

"दार बंद करा."

"बंदच आहे."

"मग अजून बंद करा!" मेकॅनिक ओरडला आणि त्यानंतर नुसताच सुंsss असा आवाज आला. बहुधा घसरला.

"आई, तुम्ही काल निखारे कुठून आणलेत?" एडेलट्राउडने हळूच विचारलं.

"विस्तवातून! बर्फातून आणतात का निखारे? आणि दार मी लावलं होतं! चांगलं आशीर्वाद देऊन लावलं होतं!" एवढं बोलून बाई जिना चढून वर गेल्या. कारण अंगणात गाडी वाजली होती.

झेंझी आली. कोट घातलेला, कोल्हा गळ्याशी, कोल्ह्याचे काचेचे डोळे थेट नोटबुर्गाबाईंवर रोखलेले. आत येताच तिने फुंकर मारून बघितली. तोंडातून भसाभसा वाफ निघाली.

"वहिनी," ती गोड आवाजात म्हणाली, "कोंबड्यांनी आज खाल्लं नाही वाटतं?"

नोटबुर्गाबाईंना वाटलं, तळघराने दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं. गावभर सांगून ठेवलेलं! पाद्रीबाबांनासुद्धा! टेबलावर भाजलेल्या डुकराच्या मांसावर चरबीची पांढरी साय धरू लागली होती. झेंझीने हातमोजे घालूनच सुक्या नाशपातीच्या पावाचा तुकडा उचलला. तो कोट आता काही उतरत नव्हता. आणखी एक घोंगडी मागतेय की काय, अशी वेळ होती!

"बघू तरी तुझं ते यंत्र कसं मेलंय," झेंझी म्हणाली आणि न विचारताच तळघरात उतरली. दुसऱ्याच्या घरची शोभा बघायला तिचे गुडघे कधी दुखत नसत. तिच्यामागून सगळी वरात.

लाल दिवा दिसला. अक्षरं दिसली. आणि झेंझी फरच्या कोटासकट फतकल मारून खाली बसली, हात थेट खालच्या बिजागरीत घातला आणि सर्रकन ओढला.

हातात डहाळी! निळा दोरा गुंडाळलेली.

"ही गाठ तुझी, वहिनी. अशी वेडीवाकडी गाठ अख्ख्या खोऱ्यात दुसरं कुणी मारत नाही."

हार्टविगने आईकडे बघितलं. एडेलट्राउडने सासूकडे बघितलं. कोल्ह्यानेही बघितलं.

झेंझीने दार लावलं. टक्! मग पडद्याखालचं एक बटण अंगठ्याने दाबून धरलं, पीप वाजेपर्यंत. दिवा हिरवा झाला. बॉयलर खाकरला, कांड्या खडखडत उतरू लागल्या. सगळे टाळ्या वाजवणार, तेवढ्यात नोटबुर्गाबाईंनी हात वर केला. बाईंचं शिक्षण चार यत्ता, पण पाचवीचं गणित त्यांनी तिथल्या तिथे सोडवलं.

"थांब गं झेंझी. बटण कुठलं, दाबायचं किती वेळ, बघायची कुठली बिजागरी, हे सगळं तुझ्या मातीच्या भट्टीने शिकवलं का तुला?"

झेंझीने कोल्ह्याची शेपूट कुरवाळली.

"आत्या," हार्टविग डोळे विस्फारून म्हणाला, "तुम्हीपण बसवलात?"

"सप्टेंबरात," झेंझी पुटपुटली. "गुडघ्यांना लाकडं फोडवत नाहीत आता. भट्टी नुसती दाखवायला ठेवलीय. वर फुलदाणी ठेवते."

"आणि डहाळीचं कसं कळलं?" नोटबुर्गाबाईंनी विचारलं.

"नाताळच्या संध्याकाळी धूप होता ना! यंत्राला तरी दृष्ट का लागू द्यायची? मीही तिथेच खोचली. मेकॅनिक यावा लागला, सणाच्या दिवशी! माझी अर्धी बिस्किटं संपवून गेला."

नोटबुर्गाबाई एवढ्या हसल्या की कवळी हातात धरावी लागली. झेंझीसुद्धा हसली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून हसत होत्या.

पण वर जाऊन उपयोग नव्हता. अशा टाकीचा न्याय असा, की आधी आपलं पोट भरणार आणि मग घराला वाढणार. संध्याकाळपर्यंत खोल्या तापत नाहीत. ऊब होती ती एकाच ठिकाणी, बॉयलरच्या दाराशी. मग मांस आलं खाली, पिठाचे उकडलेले गोळे आले, कोबी आला, वाइनही आली. उलट्या घातलेल्या टोपल्यांवर एडेलट्राउडने तो पांढराशुभ्र टेबलक्लॉथ अंथरला. थोड्याच वेळात बॉयलर असा तापला, की हार्टविगने बाह्या सरसावल्या. झेंझीचं नाक लाल झालं, कपाळावर घाम आला. तिने इकडेतिकडे बघितलं आणि सावकाश कोट उतरवून खुंटीला अडकवला.

"उतरवलास!" नोटबुर्गाबाई ओरडल्या. "साक्षीला आहात रे सगळे! उद्या पाद्रीबाबांना सांगायचंय!"

"सांग. पण फुलदाणीचं सांगायचं नाही."

"मग डहाळीचं तूही नाही!"

सौदा झाला. नोटबुर्गाबाईंनी तृप्त होऊन दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग त्यांचा हात टेबलक्लॉथवर फिरला. सुनेकडे न बघता, घसा साफ करत त्या म्हणाल्या, "चांगला निघालाय हो. स्वच्छ." माफी मागायची म्हणजे बाईंना एवढंच जमत असे. पण तेवढ्यावर जीभ थांबेना. "पण दोरी बांधून वाळत घातला नव्हतास ना? वरात अडकते!"

"छे हो, आई," एडेलट्राउड म्हणाली. "तुमच्या गाईच्या पाठीवर वाळवला. काल संध्याकाळी अंथरायला आले, तेव्हा तो लाल दिवा लागलेला होता. मला वाटलं, तुम्हीच देवाला लावलाय!"