टबातून केलेली चौकशी

त्या रविवारी युकिचीने ठरवलं, आपण स्वतः जाऊन बघायचं. फक्त बघायचं. समुद्रात पडायचं वगैरे काही ठरलं नव्हतं.

युकिची जपानमधल्या सादो बेटावरच्या एका खेड्यात गावकचेरीतला कारकून. जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर शिक्के मारायचे आणि पाण्यापासून चार हात लांब राहायचं, हा त्याचा शिरस्ता. बायको तोवा मात्र गावातल्या इतर बायकांसारखी गोल लाकडी टबात बसून खडकांमधून वल्हवत जायची आणि शंख काढून आणायची. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती इहेईबद्दल.

इहेई टेकाडापलीकडच्या किनाऱ्यावर टब बांधायचा, आणि हल्ली तोवाचा टब सारखा तिकडेच वळायचा. विधुर होता, खांदे रुंद होते आणि पन्नाशीतही डोक्यावरचे सगळे केस जागेवर होते. (हे शेवटचं युकिची कधीच माफ करणार नव्हता.)

"इहेईदादांच्या हातात काय जादू आहे हो!" सकाळी मुळ्याचं लोणचं वाढताना तोवा म्हणाली. "फळीला फळी अशी बसवतात, मध्ये सुई जाणार नाही."

"माझा शिक्काही कधी वाकडा पडत नाही," युकिची म्हणाला.

तोवाने ऐकलंच नाही. ती आरशात बघून डोक्याला रुमाल बांधत होती. शंख काढायला जाताना आरसा? शंख काय हिच्याकडे बघणार होते? आणि 'दादा' म्हणे! (दादा म्हटल्याने माणसाचे केस थोडेच गळतात?)

ती गेली आणि युकिची उठला. रस्त्याने गेलो तर अख्खं गाव विचारणार, कुठे निघालात? म्हणून तो शेजारच्या ओत्सुनेआजीकडे गेला.

"आजी, तुमचा टब देता जरा?"

"कपडे धुवायला?"

"समुद्रावर जायला."

आजीने टब दिला आणि तमाशा चुकू नये म्हणून स्वतःही किनाऱ्यावर येऊन बसली.

वल्हं मारलं की पुढे जातं, असा युकिचीचा समज होता. टब गोल फिरला. त्याने दुसऱ्या बाजूने मारलं. टब उलटा फिरला. अशा पंधरा-वीस फेऱ्या झाल्यावर सकाळचं सूप घशाशी आलं आणि चौकशी पुढच्या रविवारवर टाकावी असं त्याला वाटलं. लाटा किनाऱ्याकडेच चालल्या होत्या, त्याच नेतील परत. तो हाताची घडी घालून बसला.

लाट आली. टब वर गेला, खाली आला. लाट पुढे जाऊन किनाऱ्यावर फुटली आणि युकिची होता तिथेच. दुसरी आली, तिसरी आली. तीच गत.

"आजी! लाटा मला सोडून जातायत!"

"जाणारच!" आजी ओरडली. "लाट नुसता धक्का पुढे पोचवते, पाणी जागेवरच राहतं! वल्हव मुकाट्याने! आणि खडकांच्या फटीकडे जाऊ नकोस. कालच्या वाऱ्याने आत कोंडलेलं पाणी तिथून बाहेर पळतंय, ते मात्र नेईल हो तुला!"

वल्हवताना युकिची नेमका फटीकडेच सरकला. पाण्याने टबाला मागून असा रेटा दिला की तो गरगरत खडकांमधून सुटला, टेकाडाला वळसा घालून थेट इहेईच्या दारापुढे. जायचं होतं तिथेच पोचला म्हणायचा. फक्त टब फिरायचा थांबेना.

एका फेरीत त्याला तोवा दिसली. मग समुद्र. पुढच्या फेरीत तोवाजवळ इहेई. मग समुद्र. मग इहेईच्या हातात दोरी. मग पुन्हा तो मेला समुद्र! आणि त्यानंतरच्या फेरीत दोरी तोवाच्या कमरेभोवती!

"सोड तिला!" युकिची ताडकन उभा राहिला. टबात उभं राहायचं नसतं, हे त्याला पाण्यात गेल्यावर कळलं.

"कारकूनसाहेब, बांबू धरा, बांबू!" इहेईने लांब बांबू पुढे करून त्याला ओढून काढलं, वर आपला अंगरखा त्याच्या अंगावर घातला. तो युकिचीला दोनदा गुंडाळून उरला. तेही त्याला सहन झालं नाही.

"दोरी... कमरेला... मी पाहिली," तो दात वाजवत म्हणाला.

"मापाची आहे हो ती," इहेई म्हणाला. "वहिनींना मोठा टब हवाय, दोघांचा."

"दोघं म्हणजे कोण कोण?"

"अहो, मी आणि तुम्ही! आणखी कोण?" तोवा म्हणाली.

युकिचीने त्या क्षणी इहेईला केसांसकट माफ केलं. "तोवा, मला वाटलं होतं... आणि तुझ्या मनात मात्र..."

"मनात कधीपासून होतं," त्याचा सदरा पिळत तोवा म्हणाली. "काचेच्या बुडाची पेटी पाण्यावर धरून तळ बघायला वाकलं की टब पुढे कलतो. मागे वजन लागतं. दगड ठेवते, पण लाटेसरशी घरंगळतात. म्हटलं, घरात एक आहे, तो बसल्या जागचा हलत नाही."

इहेईने दोरी गुंडाळली, ओल्या युकिचीकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. "वहिनी, मग बांधायचा का मोठा टब?"

तोवाने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"राहू दे. दगडच बरे."

आजीचा टब मागे बांधून ती वल्हवत घरी निघाली. युकिची टेकाडावरच्या रस्त्याने चालत होता, आणि खाली तिच्या पाठीशी ऐटीत बसलेल्या चार दगडांकडे जळफळून बघत होता.